आलेल्या तोंडाला तोंड देताना

मराठी माणूस स्वतः कितीही घरकोंबडा असला तरी त्याचे अवयव सतत कुठे ना कुठे निघालेले असतात. पोट सुटतं, केस जातात, पाय घसरतो, डोळे येतात. घसा तेवढा एका जागी बसतो, पण तोही काम टाकून. या ये-जा करणाऱ्यांत डोळे आणि तोंड ही दोन मंडळी विशेष. डोळे आले की दिसत नाही आणि तोंड आलं की बोलता येत नाही. "मामा, तोंड आलं म्हणजे इतके दिवस कुठे होतं?" असं माझ्या भाच्याने विचारलं, तेव्हा मला उत्तर देता आलं नाही. कारण तोंड आलं होतं.

माझं तोंड गेल्या मे महिन्यात आलं. मी विमा एजंट आहे आणि कोल्हापुरात राहतो. लोकांचं पोट हातावर चालतं, माझं तोंडावर. त्यात मे महिना म्हणजे आमच्याकडे डंकावर चटणी कुटून आणायचा मोसम. ब्याडगी रंगाला, संकेश्वरी तिखटाला आणि लवंगी खुमखुमीला. घरात वर्षाच्या कांदा-लसूण चटणीच्या बरण्या भरून ठेवलेल्या, ताज्या, लालभडक. नेमक्या त्याच आठवड्यात घास चावताना मी स्वतःचा खालचा ओठ चावला. दुसऱ्या दिवशी आरशासमोर ओठ उलटा करून पाहिला तर आत एक पांढरट ठिपका, भोवती लाल कड. दिसायला तांदळाची कणी, दुखायला अख्खं पोतं. संध्याकाळपर्यंत जिभेच्या कडेला दुसरी कणी उगवली.

शाळेत आम्हाला वर्णांची उच्चारस्थानं पाठ करायला लावली होती. कंठ्य, तालव्य, मूर्धन्य, दंत्य, ओष्ठ्य. याचा पुढे उपयोग काय, असं विचारून मी बाईंचा मार खाल्ला होता. उपयोग पन्नाशीत कळला. खालच्या ओठाच्या आत फोड असेल तर प, फ, ब, भ, म ही पाचही अक्षरं बंद. आता माझ्या धंद्यातले शब्द बघा. पॉलिसी, प्रीमियम, बोनस, मॅच्युरिटी, फॉर्म. आणि खुद्द विमा. सगळा धंदाच ओष्ठ्य! कंठ्य वर्ण शाबूत होते, म्हणजे मी कुणालाही 'काका' म्हणू शकत होतो. पण आमच्याकडची निम्मी गिऱ्हाइकं आप्पा, बापू नाहीतर मामा असतात. पहिल्याच दिवशी एका आप्पांना फोन केला आणि तोंडातून 'आक्का' बाहेर पडलं. पलीकडे बराच वेळ शांतता होती.

"उष्णता झालीय," आईने निदान केलं. माझं तोंड न बघताच.

आमच्या घरात रोगजंतूंना फारसा मान नाही. केस गळतात ते उष्णतेने, डोळे चुरचुरतात ते उष्णतेने, घोळणा फुटतो तो उष्णतेने. वडील तापट होते ते तर उघडच. ही उष्णता हाताला लागत नाही. फ्रिजमधून काढलेला आंबा उष्ण असतो आणि धण्या-जिऱ्याचा वाफाळता काढा थंड. गूळ उष्ण, खडीसाखर थंड, दोन्ही उसाच्याच पोटचे. मी लहानपणापासून यावर हसत आलो. पण 2021 साली डेव्हिड ज्युलियस नावाच्या शास्त्रज्ञाला वैद्यकशास्त्राच्या नोबेलमध्ये वाटा मिळाला आणि माझं हसू पातळ झालं. या गृहस्थाने मिरचीतलं तिखट द्रव्य हाताशी धरून मज्जातंतूंवरची एक कळ शोधली. अंगाला चटका बसला की जी कळ दाबली जाते तीच मिरचीनेही दाबली जाते, म्हणून मेंदूकडे वर्दी जाते ती भाजल्याचीच. तोंडातल्या फोडावर तर वरचं आवरणही गेलेलं, कळ उघडीच पडलेली. थोडक्यात, मिरची उष्ण. आई हेच पन्नास वर्षं सांगतेय, पण तिला स्टॉकहोमहून कुणी बोलावलं नाही.

तिचे उपाय मात्र लगेच सुरू झाले. रात्री बेंबीत साजूक तूप. सकाळी गुलकंद. दुपारी भिजवलेला सब्जा, जो घशातून उतरताना बेडकाची अंडी गिळल्यासारखं वाटतं. ज्येष्ठमधाची पूड तुपात कालवून फोडावर. हा उपाय खरोखर बरा आहे, तुपाचा थर बसतो आणि अर्धा तास जग सुसह्य होतं. टाकणखाराची लाही मधात कालवून लावायचाही तिचा विचार होता. पूर्वी तान्ह्या बाळांच्या तोंडातसुद्धा हे सर्रास लावत. आता बाळांचे डॉक्टर दोन्ही वस्तू लांब ठेवायला सांगतात: टाकणखारातलं बोरॉन बाळाच्या अंगात भिनतं आणि वर्षाच्या आतल्या बाळाला मध तर चाटवायचाच नसतो. मी बाळ नव्हतो, पण टाकणखाराची पुडी आजोबांच्या काळातली असल्याचं कळलं आणि मी मान हलवून नकार दिला. तोंड आलं की माणसाला नकार देण्याची एवढी एकच सोय उरते.

मिठाच्या पाण्याच्या गुळण्या बायकोने सुचवल्या. जखमेवर मीठ चोळणे हा वाक्प्रचार मी शाळेपासून वाक्यात उपयोग करून दाखवत आलोय, पण त्याचा तोंडात उपयोग पहिल्यांदाच केला. पहिल्या गुळणीला दिवसा तारे दिसले. तिसऱ्या दिवसापासून बरं वाटायला लागलं, हे तिच्यासमोर मी कबूल केलेलं नाही.

जाईच्या पाल्याचं प्रकरण जरा लांबलं. जाईची कोवळी पानं चावायची, रस तोंडभर फिरवायचा, लाळ गळू द्यायची आणि गिळायचं नाही. हा उपाय महाराष्ट्रात इतका पसरलेला आहे की कुणाच्या अंगणातला जाईचा वेल खालून ओका दिसला तर समजावं, आळीत कुणाचं तरी तोंड आलंय. आमच्या इमारतीत जाई आहे ती तळमजल्यावरच्या काकूंची. त्या देवाला रोज फुलं वाहतात आणि वेलाला पोटच्या पोरासारखं जपतात. मागायला जावं तर 'जाई' हा शब्द ओष्ठ्य नाही, ही जमेची बाजू. पण पुढचा 'पाला' आडवा आला. म्हणून पहाटे सहाला न मागताच दहा-बारा पानं तोडली आणि तिथेच तोंडात टाकली. चव कडू-तुरट, जिभेवर कोणी खडूची भुकटी लावल्यासारखी. एवढ्यात दार उघडलं. काकू रांगोळीचा डबा घेऊन उभ्या, समोर मी, हनुवटीवरून हिरवी लाळ ओघळतेय.

"अहो, आमच्या वेलाची पानं दोन दिवस कोण ओरबाडतंय, पाहिलंत का हो?"

मी जोरात मान हलवली. नाही म्हणून की हो म्हणून, हे मलाही नंतर आठवेना.

काकू चतुर. त्यांनी माझ्या हनुवटीकडे पाहिलं, आत गेल्या आणि चार कच्ची तोंडली आणून हातावर ठेवली. म्हणाल्या, "तोंडासाठी तोंडलीच. नावातच आहे. कच्ची चावून खायची. आणि जाईला हात लावायचा नाही." नावावरून औषध ठरवायचं तर डोकं दुखल्यावर डोक्यावर काय चोळावं, हा विचार मनात आला, पण मी निमूट तोंडली घेतली.

एव्हाना माझ्या ध्यानात आलं होतं की तोंड एकाचं आलं की बाकी सगळ्यांना तोंड फुटतं. न्हाव्याकडे गेलो. गळ्यावर वस्तरा असताना माणूस एरवीही वाद घालत नाही, मला तर दुहेरी बंदी. त्याने दाढी झाल्यावर गालावर फिरवलेली तुरटी मायेने माझ्यापुढे धरली. "हीच घरी न्या साहेब, पाण्यात फिरवायची, गुळण्या करायच्या. दोन दिवसांत खलास." फोड की मी, ते त्याने स्पष्ट केलं नाही. या तुरटीने आदल्या गिऱ्हाइकाचेही गाल शांत केले होते, म्हणून मी नमस्कार करून निघालो. कोपऱ्यावरच्या पानवाल्याला हे सगळं आधीच समजलं होतं. तो म्हणाला, "तुरटी कशाला? खैराचा कात हाय की आपला." आणि त्याने बोटभर कात पानाच्या तुकड्यावर लावून दिला, चुना न लावता. विमा एजंटाला कुणी चुना न लावता काही द्यावं, हा माझ्या कारकिर्दीतला पहिला प्रसंग.

गंमत म्हणजे कात, पेरूची कोवळी पानं, तुरटी, त्रिफळा, या सगळ्यांचं काम एकाच जातीचं. सगळे तुरट. तुरट वस्तू त्वचा आवळते, वर एक पातळ पापुद्रा धरते, तेवढीच उघडी जखम झाकली जाते. म्हणजे बारा जण येऊन बारा वेगळे उपाय सांगतात असं वाटतं, पण ऐकून घेतलं तर मंडळी तुरटाभोवतीच फिरत असतात. भांडण फक्त कुणाच्या परसातलं तुरट, एवढ्यावरच.

त्रिफळ्याचा उपाय आणला तो माझे एक पॉलिसीधारक आहेत त्यांनी, निवृत्त संस्कृत शिक्षक. ते म्हणाले, सुश्रुताने तोंडाचे रोग मोजलेत, पासष्ट. ओठ, हिरड्या, दात, जीभ, टाळू, कंठ आणि सगळं तोंड मिळून, अशा सात जागी. पासष्टांपैकी मला एकच झालाय हे ऐकून मला लॉटरी लागल्यासारखं वाटलं. मग त्यांनी कवल आणि गंडूष यांतला फरक सांगितला. औषधी पाणी तोंडात खळखळवता येईल इतकंच घेतलं तर तो कवल. हलवताच येणार नाही इतकं तोंड भरून घेतलं, आणि नाका-डोळ्यांतून पाणी येईपर्यंत तसंच धरून ठेवलं, तर तो गंडूष. बायको दारात उभी राहून ऐकत होती. आयुर्वेदावर ती इतकी प्रसन्न मी कधी पाहिली नव्हती. "दिवसातून किती वेळा, सर? जास्त घेतला तर चालतो ना?" तिने विचारलं.

चौथ्या दिवशी जत्रा आली.

कोल्हापूरच्या आसपासच्या गावच्या जत्रेचं जेवण नाकारणं म्हणजे दहा पॉलिस्यांवर पाणी सोडणं. बोलावणारा दहा मिनिटांनी फोन करतो, "कुठं आलाय?" शेवटी गेलो. पानात मटण आलं, तांबड्याची वाटी आली. तांबडा बघूनच ओठ आतल्या आत कळवळला. शेजारच्या पाहुण्याने माझी अवस्था ओळखली. "तोंड आलंय व्हय? मग पांढरा घ्या की. त्यात मिरचीच न्हाई." सहसा खरंच नसते. पांढरा रस्सा म्हणजे मटणाचं पाणी, नारळाचं दूध, खसखस. दुधासारखा दिसतो, शांत, सात्त्विक. त्या रंगावर मी भुललो आणि वाटी ओठाला लावली. मिरची नव्हती, पण मिरी होती. आचारी उदार होता. माझ्या तोंडून जो आवाज निघाला तो कुठल्याच उच्चारस्थानाचा नव्हता. पंगत थांबली. वाढपी पळत येऊन म्हणाला, "आवडला वाटतं!" आणि वाटी पुन्हा भरून गेला.

त्या रात्री मी डॉक्टरकडे गेलो.

डॉक्टर तरुण होते. बॅटरी लावून त्यांनी ओठ, गाल, जिभेची खालची बाजू, सगळं उलटसुलट पाहिलं आणि मग ज्या सुरात मी बावीस वर्षं गिऱ्हाइकांना विचारत आलोय अगदी त्याच सुरात विचारलं, "तंबाखू?" आमच्या विम्याच्या फॉर्मवर हा प्रश्न असतो. समोरच्याचे दात विटकरी असतात, खिशातून पुडी डोकावत असते, तो "न्हाई" म्हणतो आणि एजंट "नाही" लिहितो. गुटख्यावर महाराष्ट्रात 2012 पासून बंदी आहे. जिन्याचे कोपरे मात्र अजून तसेच रंगलेले आहेत. मी मान हलवून नाही म्हणालो तर डॉक्टरांनी माझ्या दातांकडे पुन्हा एकदा पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदा मला माझ्या फॉर्मपलीकडे बसल्याचा अनुभव आला. मग ते म्हणाले, "दुखतंय ना? दुखू दे. न दुखणारी, कडा कडक झालेली, तीन आठवडे हलत नाही अशी जखम असती तर मी काळजी केली असती. तशी कुणाची दिसली तर जाईचा पाला देत बसू नका, इकडे पाठवा."

हे ऐकून मला दोन गिऱ्हाइकं आठवली. दुसऱ्या दिवशी दोघांनाही चिठ्ठी लिहून पाठवली, कारण फोनवर बोलता येत नव्हतं. एक जण जाऊन आला. दुसऱ्याचा निरोप आला की हप्ता भरलाय, चिठ्ठी कशाला?

माझ्या फोडाला, डॉक्टर म्हणाले, फार जुनं नाव आहे. हिपोक्रेटिसच्या काळापासून चालत आलेला ग्रीक शब्द. मी खुणेने विचारलं, कारण? तर नक्की कारण सापडलेलं नाही. चावा बसतो, दाताची धार लागते, लोह किंवा बी-12 किंवा फॉलिक ॲसिड कमी पडतं, झोप कमी होते, ताण असतो, घराण्यातच असतं. काहींना टूथपेस्टमधला फेस आणणारा पदार्थ बाधतो. म्हणजे बारसं होऊन दोन हजार वर्षं उलटली आणि बापाचं नाव अजून लागलेलं नाही. "बारक्या फोडांना सात ते चौदा दिवस लागतात," ते म्हणाले, "आपोआप भरतात. डागही राहत नाही." आणि त्यांनी बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या व एक बधिर करणारं मलम लिहून दिलं. मलम लावल्यावर दुखणं गेलं, पण जीभही गेली. घरी आल्यावर आईने तोंडाचा वास घेऊन पाहिला.

'आपोआप भरतात' हे वाक्य मी घरात कुणालाही सांगितलं नाही. एवढ्या माणसांच्या श्रद्धेवर एका वाक्याने मीठ चोळायला माझं मन होईना.

सातव्या दिवशी एक जुनी गाठ घ्यायची होती. करवीर तालुक्यात एक गुऱ्हाळवाले आप्पा आहेत. हो, तेच, ज्यांना मी फोनवर आक्का म्हणालो होतो. सात वर्षं मी त्यांच्या मागे आहे. दर उन्हाळ्यात, गुऱ्हाळ बंद असताना, त्यांच्या सोप्यावर बसून मी पाऊण तास बोलतो, ते मिशीला पीळ देत ऐकतात आणि शेवटी म्हणतात, "बगू की पुढच्या साली." या वेळी मी गेलो, नमस्कार केला, फॉर्म पुढे ठेवला आणि ओठाकडे बोट दाखवलं.

"तोंड आलंय?"

मान.

आप्पा थोडा वेळ माझ्याकडे बघत बसले. त्या सोप्यावर मी असताना एवढी शांतता कधी झाली नव्हती. बैल जोखड शोधतो तसे ते काहीतरी शोधत होते, आणि मग त्यांनीच सुरुवात केली. आधी गुळाचा भाव. मग उसाचं बिल. गुडघा. थोरला पुण्यात असतो, धाकटा असून नसल्यासारखा. मालकीण गेल्या त्याला तीन वर्षं झाली, तेव्हापासून चुलीवरचा चहा कुणी करत नाही. मी योग्य जागी मान हलवत होतो, कारण दुसरं काही करता येत नव्हतं. दीड तासाने ते थांबले, माझ्याच खिशातलं पेन काढलं आणि म्हणाले, "सही कुटं करायची?"

मी बोट ठेवलं.

दहाव्या दिवशी सकाळी ओठ चाचपला तर कणी नव्हती. जिभेचीही गेली होती. आणि घरात न्यायालय बसलं. आईचं म्हणणं तूप आणि गुलकंद. बायकोचं म्हणणं मीठ. संस्कृतच्या सरांचा फोन आला, त्रिफळा. न्हाव्याने तुरटी वापरली गेली असं गृहीतच धरलं आणि पुढच्या दाढीला दोन गिऱ्हाइकांना माझा दाखला दिला. काकूंनी तर जिन्यातच पकडलं. त्यांची तोंडली मी आठव्या आणि नवव्या दिवशी खाल्ली होती, आणि दहाव्याला तोंड गेलं. क्रम बघता निकाल त्यांच्याच बाजूने लागायला हवा होता. शेवटच्या षटकात फलंदाजीला आलेल्यालाच सामना जिंकल्याचं श्रेय मिळतं. डॉक्टरांची बाजू मांडायला कुणीच हजर नव्हतं. त्यांच्या गोळ्यांची अर्धी पट्टी अजून फ्रिजवर पडून आहे.

आप्पांच्या पॉलिसीचा कागद तयार होऊन आला तेव्हा तो द्यायला मी स्वतः गेलो. तोंड ठणठणीत होतं. सोप्यावर बसलो, चहा आला, आणि सात वर्षांचं साठलेलं सगळं बाहेर पडलं. बोनस कसा जमा होतो, मॅच्युरिटीला काय मिळेल, धाकट्याच्या नावाने दुसरी पॉलिसी घेतली तर प्रीमियम किती. प, फ, ब, भ, म, सगळी अक्षरं मनसोक्त वापरली. आप्पांनी दोनदा काही बोलायला तोंड उघडलं होतं, पण माझं वाक्य चालू होतं. पाऊण तासाने मी उठलो. त्यांनी कागद छातीशी धरला, दारापर्यंत सोडायला आले आणि चपला घालेपर्यंत थांबून म्हणाले,

"या की परत. पन तोंड आल्यावर या."